कोणी लॉगिन नसताना

दांडिया बाजार, बडोदा

चि. बाळीस,


तुझा मेसेज वाचला. शनिवारी दुपारी अपडेटसाठी सर्व्हर रीस्टार्ट झाला, त्याबरोबर तुझा प्रोग्रॅम बंद पडला, आणि सोमवारी ऑफिस उघडल्यावर कळलं की रविवारचा एकही आकडा डेटाबेसमध्ये नाही. साहेब एवढंच म्हणाले, "याची सर्व्हिस बनव." आणि तू मला विचारलंस की मशीन चालू झालं की प्रोग्रॅम आपोआप चालू होईल अशी दोन ओळींची स्क्रिप्ट द्याल का, आबा. दोन ओळी देईन, पण तेवढ्याने तुझं काम भागणार नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तू इंग्रजीत विचारलंस, मी मराठीत सांगतो. ज्या कलाभवनात मी शिकलो ते सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली उभं राहिलं, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रहच होता की कारागिराच्या मुलाला तंत्रविद्या त्याच्या भाषेत मिळावी. तो आग्रह मला अजून पटतो.

तुझ्या प्रोग्रॅमचं काम दर 15 मिनिटांनी सौर प्रकल्पांच्या मीटरवरचे आकडे आणून ठेवायचं. हे 15 मिनिटांचं माप तुमच्या कंपनीने ठरवलेलं नाही. आपल्या बडोद्यातल्या गोत्रीला राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आहे. गुजरातभर किती वीज तयार होते आहे, किती लागते आहे, हे तिथे चोवीस तास पाहिलं जातं. दिवसाचे 96 ब्लॉक पाडलेले असतात. कोणत्या ब्लॉकमध्ये किती वीज देणार हे आधी कळवायचं, प्रत्यक्षात किती दिली ते नंतर ताडून पाहायचं, आणि फरकाचे पैसे चुकवायचे. तेव्हा रविवारचे 96 खाने रिकामे राहिले ही साधी गोष्ट नाही, आणि साहेब चिडले असतील तर ते रास्तच आहे.

तू प्रोग्रॅम नोहप लावून, शेवटी अँपरसँड देऊन मागे ढकलला होतास. त्याने एवढंच साधतं की तू लॉगआउट केलंस तरी तो मरत नाही. पण तो कोणाचा, कशासाठी, पुन्हा चालू करायचा की नाही, यातलं मशीनला काहीच ठाऊक नसतं. सर्व्हिस बनवायची म्हणजे या प्रश्नांची उत्तरं मशीनजवळ लिहून ठेवायची. कोणाच्या नंतर चालू व्हायचं, कोणत्या युजरच्या नावाने चालायचं, मध्येच मेला तर काय करायचं, बंद कसं व्हायचं, आणि कोणी "चाललाय का?" विचारलं तर काय सांगायचं. या शेवटच्या प्रश्नाकडे नवीन मुलं सगळ्यांत कमी लक्ष देतात. माझ्या मते सगळी स्क्रिप्ट त्याच्यासाठीच लिहायची असते.

आधी क्रमाचं पाहू. युनिक्समध्ये कर्नल उभा राहिला की पहिला प्रोग्रॅम चालतो तो इनिट, त्याचा नंबर कायम 1. बाकीच्यांना उठवणं हे त्याचं काम. सिस्टिम फाइव्ह युनिक्समधून आलेल्या जुन्या पद्धतीत प्रत्येक सर्व्हिसची एक शेल स्क्रिप्ट इनिट-डी फोल्डरमध्ये असे. प्रत्येक रनलेव्हलच्या, म्हणजे मशीनच्या प्रत्येक अवस्थेच्या, फोल्डरमध्ये त्या स्क्रिप्टकडे बोट दाखवणाऱ्या लिंका असत: एस20, एस85, के15 अशा. एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे किल, आणि पुढचा आकडा म्हणजे रांगेतला नंबर. आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर कोणत्या सर्व्हिसचा नंबर काय याची हाताने लिहिलेली यादी टांगलेली असे. नवीन सर्व्हिस आली की यादीत मोकळा नंबर शोधायचा. या पद्धतीत एक मोठी उणीव होती. 85 हा 20 नंतर येतो हे नंबर सांगतो, पण का येतो हे सांगत नाही. ज्याने नंबर दिला तो नोकरी सोडून गेला की कारणही त्याच्याबरोबर गेलं.

कारण किती महत्त्वाचं असतं हे विजेच्या धंद्यात फार स्पष्ट दिसतं. 30 आणि 31 जुलै 2012 ला काय झालं ते तुला आठवत नसेल. पहिल्या दिवशी उत्तरेची ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही. 60 कोटींहून जास्त लोकसंख्येच्या प्रदेशातली वीज गेली. आपली पश्चिमेची ग्रिड वेगळी होऊन तगली. अशी अख्खी ग्रिड झोपली की ती उठवण्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. कोळशावरचं केंद्र स्वतःच्या जोरावर उठू शकत नाही. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, बॉयलरला पाणी देणारे पंप, मोठमोठे पंखे, सगळ्यांना आधी वीज लागते. म्हणजे वीज बनवायला वीज हवी. जलविद्युत केंद्राला मात्र फार थोडी लागते. पाणी सोडलं की टर्बाइन फिरायला लागतं. म्हणून आधी पाण्यावरची किंवा गॅसवरची केंद्रं उठवायची, त्यांची वीज एका ठरलेल्या लाइनीने औष्णिक केंद्रापर्यंत न्यायची, तिथली यंत्रं फिरवायची, आणि मग थोडा थोडा भार जोडत जायचं. हा क्रम अगोदर कागदावर लिहिलेला असतो, आणि प्रत्येक पायरीला आधीची पायरी का लागते हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

यातली आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. औष्णिक केंद्रातलं यंत्र मिनिटाला 3000 फेरे घ्यायला लागलं म्हणजे ते ग्रिडला जोडलं गेलं असं नव्हे. व्होल्टेज जुळायला हवं, फ्रिक्वेन्सी जुळायला हवी, फेज जुळायला हवी, तेव्हा ब्रेकर बंद करतात. तोवर ते नुसतं फिरत असतं. तुझा डेटाबेसही असाच. त्याची प्रोसेस उभी राहणं आणि त्याने कनेक्शन घ्यायला सुरुवात करणं यात काही सेकंद जातात, आणि आदल्या दिवशी मशीन नीट बंद झालं नसेल तर काही मिनिटंसुद्धा.

आता तुमच्या सर्व्हरवर त्या जुन्या इनिटच्या जागी सिस्टमडी आहे. 2010 मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि के सीव्हर्स यांनी तो आणला. 2011 मध्ये फेडोरा 15 ने स्वीकारला, 2014 मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 ने, 2015 मध्ये डेबियन 8 ने. डेबियनच्या तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर गोष्ट मिटली, इतका तो वाद तापला होता. सिस्टमडी फार पसरट आहे, सगळं स्वतःकडे ओढून घेतो, ही तक्रार मला आजही खोटी वाटत नाही. पण दोन गोष्टी त्याने खरोखर सुधारल्या. नंबर जाऊन तिथे नातं आलं, आणि पीआयडी फाइलची कटकट गेली.

नातं म्हणजे युनिट फाइलमधल्या (सर्व्हिसची माहिती सिस्टमडीला देणाऱ्या फाइलमधल्या) ओळी. "आफ्टर" लिहिलं तर क्रम कळतो: डेटाबेसनंतर मी. "वॉन्ट्स" किंवा "रिक्वायर्स" लिहिलं तर गरज कळते: डेटाबेस चालू नसेल तर तोही चालू करा. ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि बहुतेक मुलं एकच लिहून थांबतात. नुसतं "आफ्टर" लिहिलंस आणि डेटाबेस कोणी एनेबलच केला नसेल, तर तुझा प्रोग्रॅम खुशाल एकटा चालू होईल. नुसतं "वॉन्ट्स" लिहिलंस तर दोघं एकदम धावतील. तसंच नेटवर्कचं. "नेटवर्क टार्गेट" म्हणजे नेटवर्कची व्यवस्था सुरू झाली, पत्ता मिळाला असं नव्हे. तुला दूरच्या मीटरशी बोलायचं आहे, तेव्हा "नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट" घे, आणि तेही "वॉन्ट्स" व "आफ्टर" दोन्हीमध्ये लिही. सर्व्हिसचा टाइप "सिंपल" ठेवलास तर प्रोसेस जन्मली की सिस्टमडी तिला चालू मानतो. "नोटिफाय" ठेवलास तर प्रोग्रॅमने स्वतः "मी तयार आहे" असं कळवेपर्यंत थांबतो. डेटाबेसशी जोडणी झाली, पहिला मीटर वाचून झाला, मगच तुझ्या प्रोग्रॅमने तसं कळवावं. चार ओळींचा कोड आहे, तो लिही.

पीआयडी फाइलचं मात्र नीट समजून घे. तुमच्याकडे जुन्या मशीनवर अजून इनिट-डीच्या स्क्रिप्टा चालू आहेत असं तू म्हणालीस, आणि त्या कधीतरी तुझ्याच गळ्यात येणार. तिथे प्रोग्रॅम चालू झाला की आपला प्रोसेस नंबर एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. समज 1432. स्टॉप म्हटलं की स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि 1432 ला किल पाठवते. आता वीज गेली, मशीन धाडकन बंद पडलं. प्रोग्रॅम गेला, फाइल डिस्कवर तशीच राहिली. मशीन पुन्हा उठलं, नंबर नव्याने वाटले गेले आणि 1432 या वेळी डेटाबेसच्या वाट्याला आला. कोणीतरी येऊन स्टेटस विचारलं. स्क्रिप्टने फाइल वाचली, 1432 जिवंत आहे असं पाहिलं आणि सांगितलं, चालू आहे. मग कोणीतरी रीस्टार्ट म्हटलं, आणि स्क्रिप्टने डेटाबेसलाच मारलं. यात कोणीही वेड्यासारखं वागलेलं नाही. प्रत्येक ओळ सांगितलं तेवढंच करत होती. हल्लीच्या लिनक्सवर रन फोल्डर मेमरीत असतं, बूटला कोरं होतं, म्हणून हे कमी घडतं. पण प्रोग्रॅम मध्येच मेला, मशीन चालूच राहिलं आणि नंबर फिरून परत आले तर तेच घडू शकतं. म्हणून जुन्या स्क्रिप्टला हात लावशील तेव्हा नंबरावर विसंबू नकोस. त्या नंबरामागचा प्रोग्रॅम आपलाच आहे का ते तपास, किंवा एफ-लॉक वापर. लॉक प्रोसेसबरोबर कर्नलच सोडून देतो, त्यामुळे मेल्यावरही जिवंत दिसण्याची सोय उरत नाही. सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसला तिच्या वेगळ्या सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने राखलेल्या प्रोसेसच्या गटात, ठेवतो. तुझ्या प्रोग्रॅमने आणखी चार पोरं जन्माला घातली तरी ती कोणाची हे त्याला कळतं. माझं मत फिरलं ते याच एका गोष्टीमुळे.

"माझ्या हाताने चालतं, बूटला चालत नाही," हे वाक्य तू याच आठवड्यात म्हणशील, म्हणून आधीच सांगतो. तू लॉगिन करतेस तेव्हा तुझ्या नावाची सगळी सजावट लागते: पाथ, होम, बॅश-आरसीमधले व्हेरिएबल, पायथनचं एनव्हायर्नमेंट. बूटच्या वेळी यातलं जवळजवळ काहीच नसतं, आणि प्रोग्रॅम उभा असतो तो थेट रूट फोल्डरमध्ये. तेव्हा "डेटा स्लॅश आउटपुट" असा अर्धवट पत्ता लिहू नकोस. पायथनपासून कॉन्फिग फाइलपर्यंत सगळे पत्ते मुळापासून लिही, आणि जे व्हेरिएबल हवे ते युनिट फाइलमध्ये सांग. घरी तपासायला "एनव्ह मायनस आय" लावून चालवून बघ. कोऱ्या वातावरणात काय काय तुटतं ते लगेच दिसेल. आणि स्क्रिप्ट विंडोजवर लिहून सर्व्हरवर टाकत असशील तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं. कर्नल मग पहिल्या ओळीतला शेल शोधतो तो त्या अक्षरासकट, आणि फाइल डोळ्यांसमोर असताना "अशी फाइल नाही" म्हणून सांगतो. व्ही-आय मायनस बी लावून उघड, कॅरेट-एम दिसेल.

युजर वेगळा कर. रूटच्या नावाने चालवू नकोस. मीटर वाचायला रूट लागत नाही. यावर जास्त लिहीत नाही, तुला पटलेलंच आहे.

बंद कसं व्हायचं हे मात्र पटलेलं दिसत नाही, कारण तुझ्या कोडमध्ये सिगटर्म पकडलेला कुठेच नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर पाणी नेलं, तेव्हा तू हॉस्टेलवर होतीस. इथे कितीतरी भागांत जीव वाचावेत म्हणून वीज बंद ठेवावी लागली. अशा वेळी सर्व्हर यूपीएसवर येतो, बॅटरी उतरत जाते, आणि एका टप्प्याला यूपीएसवर नजर ठेवणारी सर्व्हिस मशीनला सांगते की आता नीट बंद हो. मग सगळ्या सर्व्हिसना उलट्या क्रमाने निरोप जातो. तू "आफ्टर डेटाबेस" लिहिलेलं असेल तर बंद होताना आधी तू, मग डेटाबेस. म्हणजे ती एक ओळ दोन्ही वेळा कामाला येते. निरोप म्हणजे सिगटर्म. तो आला की हातातला मीटर पुरता वाच, ती नोंद डेटाबेसमध्ये पक्की कर, कनेक्शन सोड आणि शून्य देऊन बाहेर पड. सिस्टमडी साधारण 90 सेकंद वाट पाहतो, मग सिगकिल देतो, आणि सिगकिल कोणालाच पकडता येत नाही. अर्धवट लिहिलेली नोंद तिथेच तयार होते. कोणी घाईत "किल मायनस नाइन" (म्हणजे सिगकिलच) मारायला सांगितलं तर आधी साधा किल देऊन थोडं थांबायची सवय लाव, तिथे कोणीही वरिष्ठ उभे असले तरी.

मेला तर पुन्हा उठवायचा, यासाठी "रीस्टार्ट" समोर "ऑन-फेल्युअर" लिहितात. सगळेच लिहितात. पण पुढचं वाच. काही न सांगितल्यास सिस्टमडी फक्त 100 मिलिसेकंद थांबून पुन्हा चालू करतो, आणि 10 सेकंदांत 5 वेळा चालू करून झालं की हात टेकतो. म्हणजे डेटाबेसला उठायला अर्धं मिनिट लागलं, तर तुझा प्रोग्रॅम पहिल्या काही क्षणांतच पाचही संधी संपवून बसेल आणि सकाळपर्यंत "फेल्ड" म्हणून पडून राहील. "रीस्टार्ट-सेक" 15 किंवा 20 सेकंद ठेव. मग ती मर्यादा आड येत नाही. मात्र मग प्रोग्रॅम रात्रभर मरत-उठत राहिला तरी वरवर सगळं ठीक दिसेल. म्हणून रोज सकाळी जर्नल, म्हणजे सिस्टमडीची नोंदवही, उघडून काल किती वेळा रीस्टार्ट झाला ते बघायचं. ज्या सर्व्हिसला रोज उठवावं लागतं तिला काहीतरी झालेलं आहे.

आता स्टेटस. एका कारखान्यात (नाव सांगत नाही) टाक्यांच्या लेव्हल गोळा करणारी अशीच एक सर्व्हिस होती. स्क्रिप्ट उत्तम लिहिलेली, स्टेटसला नेहमी "चालू आहे". शनिवार-रविवार दोन्ही दिवस ड्यूटीवरच्या माणसाने नियमाप्रमाणे स्टेटस घेतला, लॉगबुकात "चालू" लिहिलं आणि सही केली. सोमवारी ट्रेंड उघडला तर शुक्रवार रात्रीपासून सरळ आडवी रेघ. झालं होतं असं की मधला एक नेटवर्क स्विच रीसेट झाला. पलीकडचं टोक गेलं, पण अलीकडच्या टोकाला ते कळलंच नाही. प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत थांबून राहिला. प्रोसेस जिवंत, पीआयडी बरोबर, सीपीयू शून्य. लॉगबुकात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं आणि तरी माणूस फसला, कारण त्याला प्रोसेस आहे का ते नको होतं, आकडे येतात का ते हवं होतं. स्क्रिप्टला ते कोणी शिकवलंच नव्हतं.

तू शिकव. प्रत्येक ब्लॉक पुरा झाला की प्रोग्रॅमने शेवटच्या यशस्वी नोंदीची वेळ एका जागी लिहायची. स्टेटस विचारल्यावर ती वेळ दिसली पाहिजे, आणि ती 20 मिनिटांहून जुनी असेल तर उत्तर "चालू" असं येता कामा नये. जुन्या स्क्रिप्टमध्ये यासाठी एक्झिट कोड ठरलेले आहेत: चालू असेल तर 0, मेला आणि पीआयडी फाइल मागे राहिली तर 1, चालूच नसेल तर 3. पुष्कळ स्क्रिप्टा नुसता मेसेज छापतात आणि कोड 0 देतात. माणसाला खरं सांगतात, पण त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला खोटं. सिस्टमडीत "वॉचडॉग-सेक" आहे. प्रोग्रॅमने ठरलेल्या मुदतीत "ठीक आहे" कळवलं नाही तर तो त्याला अडकला समजून मारतो आणि पुन्हा उठवतो. पण हा निरोप वेगळ्या टायमर थ्रेडमधून पाठवू नकोस. तो थ्रेड मजेत निरोप देत राहील आणि खरं काम अडकलेलंच असेल. मीटर वाचायच्या मुख्य लूपमधूनच पाठव. आणि मीटरच्या प्रत्येक कनेक्शनला टाइमआउट लाव, म्हणजे वॉचडॉगची वेळच क्वचित येईल.

हे सगळं झालं की साहेबांकडून दुपारची एक तासाची परवानगी घे, आणि सर्व्हरसमोर बसून तो रीस्टार्ट कर. लॉगिन करू नकोस. दुसऱ्या मशीनवरून डेटाबेसमध्ये बघ, पुढचा ब्लॉक येतो का. मग प्रोसेसला सिगकिल दे आणि बघ. डेटाबेस बंद करून बघ, पाच मिनिटांनी चालू करून बघ. नेटवर्कची केबल काढून वीस मिनिटं ठेव आणि स्टेटस काय म्हणतो ते वाच. शेवटी मशीन शटडाउन कर आणि जर्नलमध्ये तुझी सर्व्हिस डेटाबेसच्या आधी बंद झाली का ते वेळेसकट तपास. यातलं काहीही "होईलच" म्हणून सोडू नकोस.

आणि युनिट फाइलच्या वरच्या "डिस्क्रिप्शन" मध्ये "मीटर सर्व्हिस" एवढंच लिहिलं आहेस, ते बदल. ही काय करते, दर किती वेळाने, आणि बंद पडली तर कोणाला फोन करायचा, हे तिथे आणि "डॉक्युमेंटेशन" च्या ओळीत दिलेल्या फाइलमध्ये असू दे. फोन कोणाला करायचा हे आज तुमच्याकडे ठरलेलंच नाही, असं तुझ्या मेसेजवरून वाटतं. ते आधी साहेबांना विचार, मग फाइल लिही आणि मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचेन.

तुझा,
आबा